किलोमागे हिशेब: बेळगाव भागातून बालरुग्ण नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाकडे

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं, काउन्सिलचा नोंदणी नंबर हातात आला, वर्ष-दीड वर्ष मोठ्यांच्या वॉर्डात ड्युट्या झाल्या आणि आता मुलांच्या विभागात जायचं मनात आहे, अशा सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहिलं आहे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि हद्दीपलीकडचं चंदगड-गडहिंग्लज, एवढा टापू डोळ्यांसमोर ठेवलाय. इथल्या अडचणी जरा वेगळ्या असतात. शिक्षण एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात, घरी मराठी, केसपेपर इंग्रजीत, आणि बाळाची आजी कन्नडमधून विचारणार.

सुरुवातीला एक हिशेब करून बघा. १४ किलोचं मूल आहे, तोंडाने काही घेत नाही, डॉक्टरांनी मेंटेनन्स सलाईन, म्हणजे दिवसभराच्या पाण्याची गरज भागवणारं सलाईन, लिहिलंय. तासाला किती मिली, आणि मायक्रोड्रिप सेटवर, म्हणजे बारीक थेंबांच्या नळीवर, मिनिटाला किती थेंब? उत्तर पुढे दिलंय. कोर्सचा फॉर्म भरण्याआधी असे हिशेब बोटांवर यायला लागले, तर कोर्समधलं पहिलं सत्र सुखाचं जातं. नाहीतर सगळे व्हेंटिलेटर शिकत असतात तेव्हा तुम्ही त्रैराशिक मांडत बसता.

पायरी १: आधी कागद सरळ करा

कर्नाटकात शिकलेल्यांची नोंदणी बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य नर्सिंग काउन्सिलकडे असते आणि कोल्हापूर-गडहिंग्लज बाजूला शिकलेल्यांची मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे. गडहिंग्लजला जीएनएम करून बेळगावात नोकरी किंवा कोर्स धरायचा असेल, तर इथल्या काउन्सिलकडे नव्याने नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ काउन्सिलची पडताळणी लागते. दोन कार्यालयांमधला हा पत्रव्यवहार तुमच्या घाईने चालत नाही. प्रवेशाची जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा चार-सहा महिने आधी अर्ज टाका. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नोंदणी प्रणालीतून मिळणारा एनयूआयडी क्रमांकही त्याच वेळी काढून ठेवा. १९४७ च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा नियमांसाठी दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने काय केलं यावर विसंबू नका, चालू सूचना वाचा.

खरी अडचण नावात येते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पुढच्या मार्कशीटवर नुसतं इनिशियल, आधारवर सासरचं नाव, आणि गावाचं नाव कन्नडवरून इंग्रजीत लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं. दहावीची मार्कशीट हा मूळ कागद धरा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. जुन्या कागदांवर बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी असणारच, निदान नवे अर्ज तरी एकाच पद्धतीने भरा.

अनुभवाचा दाखला नीट मागून घ्या. ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढ्यावर भागत नाही. विभाग कोणता, खाटा किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सही आणि शिक्का, हे सगळं हवं. नवजात विभागात तीन महिने काढले असतील तर ते वेगळ्या ओळीत लिहून घ्या, विशेष कोर्सच्या निवडीत ती ओळ वजन टाकते.

पायरी २: कोर्स निवडताना खाटा मोजा

छोटी प्रशिक्षणं आणि मोठे कोर्स यांची गल्लत करू नका. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम, म्हणजे एनएसएसके, हे दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते हवंच. आयएमएनसीआय, म्हणजे नवजात आणि लहान मुलांच्या आजारांच्या एकत्रित उपचाराचं प्रशिक्षण, ८ दिवसांचं. एफबीएनसी, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात काळजीचं प्रशिक्षण, हे एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) काम करणाऱ्यांसाठी, ४ दिवस वर्गात आणि त्यानंतर दोन आठवडे मोठ्या नवजात विभागात प्रत्यक्ष निरीक्षण. ही सरकारी प्रशिक्षणं बहुतेक खात्यामार्फतच मिळतात, त्यामुळे तालुका किंवा जिल्हा रुग्णालयात असाल तर इनचार्ज सिस्टरच्या मागे लागून यादीत नाव घालून घ्या. बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) आणि पीएएलएस (मुलांसाठीचं त्यापुढचं) पैसे भरून करता येतात. त्यांची मुदत दोन वर्षांची असते हे लक्षात ठेवून, नोकरीच्या मुलाखती जवळ आल्यावर करा. शिकायला लागल्याबरोबर केलं तर ऐन मुलाखतीच्या वेळी कार्ड संपलेलं असतं.

त्यापुढे तीन मोठे रस्ते आहेत. नवजात शिशू विशेष नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, ज्याला नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. जीएनएमवाल्यांसाठी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग, बालआरोग्य हा विषय घेऊन. एम.एस्सी.ला बी.एस्सी.त ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बेळगावात केएलई अभिमत विद्यापीठाचं नर्सिंग महाविद्यालय आहे, बाकी महाविद्यालयं बहुतांशी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

निवडीबद्दल आमचं मत सरळ आहे. शिकवायचं असेल तर एम.एस्सी., खाटेजवळच राहायचं असेल तर डिप्लोमा. एम.एस्सी.त प्रबंध, अध्यापनाचे पाठ, संख्याशास्त्र यांत बराच वेळ जातो. तो वाया जात नाही, पण ७०० ग्रॅमच्या बाळाची नाभीतली लाइन सांभाळायला त्यातून कुणी शिकत नाही.

कोर्स कुठलाही असो, प्रवेशाआधी त्या रुग्णालयात एकदा जाऊन या आणि थेट विचारा. नवजात विभागात खाटा किती आणि त्यात व्हेंटिलेटरवर साधारण किती बाळं असतात? एका सिस्टरकडे रात्री किती बाळं? विद्यार्थ्यांना रात्रपाळी आहे का? मुलांचं आयसीयू वेगळं आहे की मोठ्यांच्या आयसीयूतच दोन खाटा? लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही कोण करतं? स्टायपेंड किती, बाँड किती वर्षांचा, आणि मूळ कागद जमा करून घेतले तर पोच मिळते का? रात्रपाळी नसलेला विशेष कोर्स असेल तर जरा सांभाळून. मुलं बिघडतात ती पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, आणि तेव्हा तुम्ही हॉस्टेलवर झोपलेल्या असाल तर काय शिकणार? नुसता ऑनलाइन मिळणारा ‘फेलोशिप’ नावाचा कागद भिंतीला शोभतो, मुलाखतीत उपयोगी पडत नाही. महाविद्यालयाला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि राज्य काउन्सिलची मान्यता त्याच कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, हेही बघा. बी.एस्सी.ची मान्यता दाखवून डिप्लोम्याचे प्रवेश घेतले जाऊ शकतात.

पायरी ३: किलोमागे हिशेब

मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्यांचं पहिलं कौशल्य इथे अडतं. मोठ्या माणसाला एक अँप्युल म्हणजे एक डोस, हा हात बसलेला असतो. मुलांत प्रत्येक थेंबाच्या मागे वजन असतं.

म्हणून वजनापासून सुरू करा. काटा सपाट जागेवर, रोज शून्यावर आणलेला, बाळ उघडं किंवा कोरड्या लंगोटीत, आणि शक्यतो रोज त्याच वेळी. ओल्या लंगोटीचे पन्नास-साठ ग्रॅम दीड किलोच्या बाळात लहान नाहीत. जन्मलेलं बाळ पहिल्या आठवड्यात १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येतं, तोवर औषधाचा हिशेब जन्मवजनावरच करतात. वजन करणं शक्यच नसेल, मूल झटके येत असताना आणलेलं असेल, तर १ ते ५ वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ८ हा अंदाज चालतो: तीन वर्षांचं मूल १४ किलो. केसपेपरवर मात्र ‘अंदाजे’ असं लिहा आणि मूल स्थिरावल्यावर खरं वजन घ्या.

आता सुरुवातीचं गणित. हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला नियम असा: पहिल्या १० किलोला दिवसाला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला ५०, त्यापुढच्या प्रत्येक किलोला २०. १४ किलोच्या मुलाला १००० अधिक २००, म्हणजे १२०० मिली. भागिले २४, तासाला ५० मिली. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: ५०. सोपं आहे, आणि घोटाळाही इथेच होतो. स्टोअरमधून मायक्रोड्रिप आला नाही म्हणून मोठ्यांचा साधा सेट लावला, ज्यात २० थेंबांचा एक मिली असतो, आणि सवयीने ५० थेंब सोडले, तर तासाला १५० मिली जातं. चोवीस तासांचं पाणी आठ तासांत आत. सकाळी मुलाच्या पापण्या सुजलेल्या आणि छातीत बुडबुडे. ब्युरेट (नळीत बसवलेली खुणांची कुपी) असेल तर त्यात एकदम शंभर मिली भरून ठेवू नका, एक-दोन तासांपुरतंच भरा. रोलर ढिला झाला तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहतं.

हा नियम नवजात बाळाला लागू नाही. तिथे पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ६० ते ८० मिली आणि पुढे रोज वाढवत नेतात. न्यूमोनिया किंवा मेंदूज्वराच्या मुलाला डॉक्टर मुद्दाम कमी पाणी लिहितात. ‘नियमापेक्षा कमी लिहिलंय’ म्हणून स्वतःहून वाढवू नका, विचारा.

दुसरं गणित पॅरासिटामॉलचं, कारण घरोघरी तेच चुकतं. ८ किलोचं बाळ, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असेल तर ४.८ मिली. ५ मिलीत २५० चं असेल तर २.४ मिली. ड्रॉप्स असतील, १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे, तर १.२ मिली. आता खानापूरच्या दुकानातून आणलेली ड्रॉप्सची बाटली आईने ‘चमचाभर द्या’ या जुन्या सांगण्यावरून पाजली तर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम गेले, चौपट. म्हणून आईला ‘किती पाजलं’ एवढंच विचारून भागत नाही, बाटली आणायला सांगा आणि लेबल स्वतः वाचा. डिस्चार्जच्या वेळी सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. वाचता न येणारी आजीसुद्धा रेघ ओळखते.

तिसरं, इंजेक्शन पातळ करणं. जेंटामायसिनची २ मिलीची अँप्युल ८० मिलिग्रॅमची, म्हणजे १ मिलीत ४०. दोन किलोच्या बाळाला किलोमागे ५ प्रमाणे १० मिलिग्रॅम लिहिलेत, म्हणजे पाव मिली. पाव मिली मोठ्या सिरिंजमध्ये मोजता येत नाही, आणि सुईच्या मुळाशी अडकलेला थेंबसुद्धा त्यात मोठा असतो. म्हणून १ मिली औषधात ३ मिली सलाईन घाला, आता १ मिलीत १० मिलिग्रॅम झाले, बाळाला बरोबर १ मिली. सिरिंजवर औषधाचं नाव, तीव्रता आणि वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा. पावडरच्या व्हायलमध्ये पावडर स्वतः थोडी जागा व्यापते, म्हणून ५ मिली पाणी घातल्यावर व्हायलमध्ये नेमके ५ मिली राहत नाहीत. सोबतच्या पत्रकात शेवटचं आकारमान दिलेलं असतं, त्यावर हिशेब करा.

चौथं, अॅड्रेनलिन. आपल्याकडची अँप्युल १ मिलीत १ मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजार. बाळाला लागतं ते एकास दहा हजार. १ मिली औषध, ९ मिली सलाईन, झालं. त्यातून नवजात बाळाला शिरेतून किलोमागे ०.१ ते ०.३ मिली. ३ किलोच्या बाळाला ०.२ प्रमाणे ०.६ मिली. पातळ न करता दिलं तर दहापट. इमर्जन्सीत हे दहापट चुकणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून ड्युटी सुरू होताच ट्रॉलीवर १० मिलीची सिरिंज, सलाईन आणि अँप्युल एकत्र बांधून ठेवा आणि वर कागद चिकटवा: ‘१ + ९’.

ही सगळी आकडेवारी हिशेब शिकण्यासाठी आहे. डोस लेखी ऑर्डरवरूनच द्यायचा. आणि दोघींनी ताडून बघायचा असेल तर दोघींनी वेगवेगळा हिशेब करायचा. ‘अक्का, ०.६ ना गं?’ असं विचारलं की समोरची ‘हो’ म्हणते. ते ताडून बघणं नव्हे.

पायरी ४: मशीनआधी बाळाकडे बघा

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चारपट होते, त्यात लहान बाळ मधेच थांबून श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभरापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. बाळ रडत असेल तर थांबा, आईला अंगावर घेऊ द्या, मग मोजा.

आपल्या भागात आई ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणते. हे वाक्य कानावर पडलं की लगेच अंगावरचं कापड वर करून बघायचं. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का. कण्हणारं बाळ हे रडणारं बाळ नव्हे, फुप्फुसं उघडी ठेवायला ते धडपडत असतं. आणि आधी धापा टाकणारं बाळ अचानक शांत झालं, श्वास ६० वरून ३० वर आला, तर आनंद मानण्याआधी त्याला हलवून बघा. थकलं असेल.

तापमापक येईपर्यंत हाताचा उलटा पंजा वापरा. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतेय. पाय आणि पोट दोन्ही गार, तर बाळ गारठलंय. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली) किंवा आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ते राखता येतं, आणि स्थिर असलेल्या कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीइतकी चांगली जागा दुसरी नाही. त्वचेच्या प्रोबची चिकटपट्टी सुटली की वॉर्मरला बाळ गार वाटतं आणि तो तापवत सुटतो. वॉर्मरची तक्रार करण्याआधी प्रोब बघा.

पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब दर दोन-चार तासांनी जागा बदलून लावा, नाहीतर पातळ कातडीला चट्टा पडतो. बाळ काविळीच्या निळ्या लाइटखाली असेल तर प्रोबवर कापड घाला. मुदतपूर्व बाळ ऑक्सिजनवर असेल तर ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्यांना १०० दिसलं की बरं वाटतं. इथे ऑक्सिजन चालू असताना १०० दिसलं तर तो कमी करायचा, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडवतो. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची पडद्याची तपासणी चौथ्या आठवड्यापर्यंत व्हायलाच हवी. बाळ तोवर घरी गेलेलं असतं, म्हणून तारीख डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहा आणि आईला तोंडीही सांगा.

पायरी ५: बॅग-मास्क, हात बसेपर्यंत

जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत श्वास सुरू करून द्यायचा असतो. पुतळ्यावर हे शंभर वेळा करा, कंटाळा येईपर्यंत. या बाबतीत बेळगावचं नाव बाहेरही माहीत आहे: इथल्या जेएनएमसीच्या (जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या) संशोधकांनी प्रसूती करणाऱ्यांना असं साधं प्रशिक्षण दिल्यावर काय होतं ते तपासलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. मृत जन्मलेली म्हणून नोंदली जाणारी बाळं कमी झाली. म्हणजे त्यातली काही मेलेली नव्हतीच, त्यांना कुणी श्वास दिला नव्हता.

ड्युटी घेताना बॅग स्वतः तपासा. तोंड तळव्याने बंद करून दाबा: दाब जाणवला पाहिजे आणि झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे. सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. मास्क पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर, मुदतपूर्वला ० नंबर. हनुवटी, तोंड, नाक झाकलं पाहिजे, डोळे नाहीत. वेग मिनिटाला ४० ते ६०. ‘दाब, दोन, तीन’ असं मोठ्याने म्हणत राहा, ‘दाब’ला दाबा, ‘दोन-तीन’ला सोडा. मनात म्हटलं की घाबरून वेग दुप्पट होतो.

छाती वर येत नसेल तर क्रमाने: मास्क पुन्हा बसवा, मान सरळ करा, तोंड-नाक साफ करा, तोंड थोडं उघडा, मग दाब वाढवा. दहातल्या आठ वेळा चूक पहिल्या दोनात असते असं समजूनच चाला. मोठ्या माणसासारखी मान मागे टाकली की नवजात बाळाची श्वासनळी दुमडते. खांद्याखाली दुमडलेला कपडा ठेवा, जाडी दोन-अडीच सेंटीमीटर. नीट श्वास देऊनही ठोके ६० च्या खाली राहिले तरच छाती दाबायची, तीन दाब आणि एक श्वास. हे नवजात बाळाचं. मोठ्या मुलांत दोघी असाल तर पंधरा दाबांना दोन श्वास, एकटी असाल तर तीसला दोन. परीक्षेत हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

कॅन्युलाबद्दल थोडक्यात: नवजात बाळाला २६ नंबरची जांभळी किंवा २४ ची पिवळी. दोनदा प्रयत्न, मग दुसऱ्या सिस्टरला बोलवा. फळीला बांधताना बोटांची टोकं आणि सुईचं टोक दिसलं पाहिजे. चिकटपट्टीने सगळं झाकून टाकलेला हात सुजला तर कळणार कसं? दर तासाला बघा, आणि कॅल्शियम चालू असेल तर दर पंधरा मिनिटांनी. कॅल्शियम शिरेबाहेर गेलं की कातडी जळते, महिनाभर ड्रेसिंग करावं लागतं.

पायरी ६: मराठी, कन्नड आणि आजी

बेळगावच्या वॉर्डात एका ओळीत मराठी, कन्नड, उर्दू आणि खानापूरकडची कोकणी ऐकू येते. कन्नड येत नसेल तर पंधरा-वीस शब्दांपासून सुरुवात करा: कूस म्हणजे बाळ, हालु दूध, नीरु पाणी, ज्वर ताप, वांती उलटी, भेदी जुलाब, उसिरु श्वास, तूक वजन. ‘हालु कुडितैतेनु?’, बाळ दूध पितंय का, एवढं विचारता आलं की पुढचं अर्धं काम होतं. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड वाचता-लिहिता यावं लागतं, तेव्हा कोर्सच्या वर्षातच अक्षरं गिरवून घ्या.

मराठी आयांचे शब्दही नीट ऐका. ‘आकडी आली’, ‘टाळू खोल गेली’, ‘बाळ मान टाकतंय’, ही लक्षणंच आहेत, इंग्रजी पुस्तकात वेगळ्या नावाने दिलेली. ‘बाळ काचेत ठेवलंय’ असं नातेवाईक सांगतात तेव्हा काच म्हणजे एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), आणि बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ ‘आता काही खरं नाही’ असा असतो. पहिल्या दिवशीच आईला आत आणा, हात धुवायला लावून बाळाला स्पर्श करू द्या.

नाळेला काही लावलं का, गुटी पाजली का, पोटावर डाग दिला का, बिब्बा घातला का, हे विचारायचंच आहे. पण आवाज चढवून विचारलंत की उत्तर ‘नाही हो’ येतं. ‘आजी, बाळाला बरं वाटावं म्हणून घरी काय काय केलंत?’ असं विचारा. तिने केलेलं तिला सांगायचंच असतं.

पायरी ७: बाळ पाठवताना आणि घेताना

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटी बाजूने किंवा चंदगडहून बेळगावला बाळ यायचं म्हणजे घाट, पाऊस आणि गार वारा. छोट्या केंद्रात काम करत असाल तर १०८ येईपर्यंत चार गोष्टी करून ठेवा. बाळ कोरडं, टोपी-मोजे घातलेलं आणि शक्य असेल तर आईच्या किंवा मावशीच्या छातीशी. टाचेच्या रक्ताची साखर बघितलेली, ४५ च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवलेलं आणि उपचार सुरू झालेला. श्वासमार्ग मोकळा. आणि तिकडच्या विभागात फोन झालेला: खाट आहे का, कोण घेणार.

ऑक्सिजनचा हिशेब घ्या. १० लिटर पाण्याच्या क्षमतेचं सिलिंडर १५० बारला भरलेलं असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतात. काट्यावर ५० दिसत असेल तर ५०० लिटर. मिनिटाला २ लिटरने २५० मिनिटं. त्यातली निम्मी राखीव धरा, म्हणजे वापरायला दोन तास. रस्ता दीड तासाचा असला तरी झाड पडलं की अडीच तासांचा होतो.

चिठ्ठीत वेळा लिहा. जन्म किती वाजता, पहिला श्वास किती मिनिटांनी, शेवटचं दूध कधी, शेवटचं इंजेक्शन कोणतं, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, पहिली लघवी झाली का. ‘अँटिबायोटिक दिलं’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आली की घेणाऱ्या सिस्टरला डोस पुन्हा द्यायचा की नाही हेच कळत नाही. व्हिटॅमिन के दिल्याची नोंद तर निम्म्या चिठ्ठ्यांत विसरलेली असते.

पायरी ८: लॉगबुक

लॉगबुक त्याच दिवशी भरा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेलं परीक्षकाला एका पेनाच्या शाईवरून कळतं. प्रत्येक नोंदीत बाळाचं वजन, केलेली कृती, स्वतः केली की मदत केली की नुसती पाहिली, आणि काय बिघडलं हे लिहा. बाळाचं नाव मात्र लिहू नका, केस नंबर पुरे. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुतेक वेळा लॉगबुकातलीच एखादी नोंद उघडून विचारतात: ‘या १.४ किलोच्या बाळाला तिसऱ्या दिवशी किती मिली चाललं होतं, आणि का?’ तेव्हा पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं, कारण पुढचा प्रश्न ‘मग चौथ्या दिवशी?’ हा असतो. सोबत मिळालेली प्रमाणपत्रं, अगदी एका दिवसाच्या कार्यशाळेचीसुद्धा, तारखेप्रमाणे फाइलला लावत जा. नोंदणीच्या नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात, आणि तेव्हा जुन्या इनचार्जची बदली झालेली असते.